१८ च्या आतल्या मुलाला मानसोपचारासाठी ॲडमिट करताना : सही कुणाची, विचारायचं कुणाला, दाद कुठं मागायची (सोलापूर)

बाळीवेस (धागाकर्ती)

मुलाला मानसोपचार वॉर्डात ॲडमिट करायची वेळ आली की घरचे आधी विचारतात, "सही कुठं करायची?" सही लागतेच. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार त्या सहीच्या आधी आणि नंतर बरंच काही व्हायला हवं असतं. ते राहून जातं आणि त्याचा भुर्दंड मुलाला बसतो. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, तरी १९८७ च्या जुन्या कायद्याच्या सवयी अनेक ठिकाणी टिकून आहेत. म्हणून हा धागा.

मूळ गोष्ट कलम ८७ मध्ये आहे. अल्पवयीन मुलाचा कायदेशीर पालक हाच त्याचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी' (कलम १५). ॲडमिशनचा अर्ज तो करतो. पण अर्ज आला म्हणून भरती करता येत नाही. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी मुलाला वेगवेगळं तपासावं लागतं. तपासणी भरतीच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. दोघांनीही स्वतंत्रपणे चार गोष्टींवर मत द्यायचं: आजार भरती करण्याइतका तीव्र आहे, भरती मुलाच्या हिताची आहे, भरतीशिवाय गरज भागणार नाही, आणि घरी किंवा ओपीडीतून उपचार करून पाहिले ते जमले नाहीत किंवा ते या मुलाला स्पष्टपणे लागूच पडत नाहीत.

दुसऱ्या मुद्द्यात कायद्यानं एक अट घातली आहे: मुलाची इच्छा कळू शकत असेल तर ती विचारात घ्यायची, आणि निर्णयाला का आलो ते लिहायचं. केसपेपरवर हाच भाग सर्वांत जास्त वेळा कोरा असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या तपासणीत पहिल्या डॉक्टरांचंच वाक्य जसंच्या तसं उतरवणं. तिला स्वतंत्र तपासणी म्हणता येत नाही. पालकांनी दोन्ही नोंदींच्या प्रती मागाव्यात.

भरतीनंतर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं ही दवाखान्याची जबाबदारी. मुक्काम ३० दिवसांवर गेला की पुन्हा लगेच कळवायचं. मग मंडळानं सात दिवसांत आढावा घ्यायचा आणि पुढं दर ३० दिवसांनी घेत राहायचा. मंडळ मुलाला येऊन भेटू शकतं, कागद तपासू शकतं.

हे सगळं जनरल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार वॉर्डालाही लागू आहे. "आमचं काही मेंटल हॉस्पिटल नाही" हे उत्तर चालत नाही.

होटगी_रोड

चांगला धागा. "मुलाची इच्छा विचारात घ्या" एवढं म्हणून भागत नाही, कशी विचारायची हेच बहुतेकांना शिकवलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर.

मुलाशी आधी एकट्यानं बोला, १५-२० मिनिटं. मग पालकांसोबत. क्रम उलटा झाला की मूल आईच्या चेहऱ्याकडं बघून उत्तर देतं. "ॲडमिट व्हायचं का?" असा हो-नाहीचा प्रश्न टाळा. तुला काय त्रास होतोय असं तुला वाटतं? इथं राहायचं म्हटलं की सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? रात्री जवळ कोण हवं? औषधाबद्दल काय ऐकलंयस? एवढं विचारलं तरी आठ-नऊ वर्षांचं मूलसुद्धा नीट सांगतं. उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहा. "रुग्ण सहकार्य करत नाही" ही इच्छेची नोंद नव्हे. "शाळेत कळेल म्हणून राहायचं नाही" ही नोंद आहे, कारण त्या भीतीवर काहीतरी करता येतं: दाखल्यावर नेमकं काय लिहायचं, कुणाला सांगायचं, हे मुलासोबत बसून ठरवता येतं.

मूल बोलतच नसेल, सुन्न होऊन बसलं असेल, तर "इच्छा आज समजू शकली नाही" असं कारणासह लिहा आणि बोलायला लागल्यावर पुन्हा विचारा. बहुतेक ठिकाणी हे दुसऱ्यांदा विचारणंच राहतं.

आपल्याकडं भाषेचा प्रश्न मोठा आहे. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडं कन्नड. मूल शाळेत मराठी बोलतं म्हणून मनातलं मराठीत सांगेल असं नाही. दुभाषा लागला तर वॉर्डातली सिस्टर किंवा कर्मचारी घ्या. घरातल्या गोष्टी विचारताना काका-मामांना दुभाषा करू नका.

सातरस्ता

एक शंका. १२ वर्षांवरचं मूल स्वतः संमती देऊ शकतं असं वाचलंय. मग १५-१६ वर्षांच्या मुलाला पालकाची सही कशाला?

कोर्टगल्ली

@सातरस्ता, ती १२ ची गोष्ट फौजदारी कायद्यातली आहे. भारतीय न्याय संहितेत, जुन्या भादंविच्या कलम ८९-९० च्या जागी आलेल्या कलम २७-२८ मध्ये, १२ खालच्या मुलाची संमती ही संमती धरत नाहीत आणि पालकाच्या संमतीनं चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे. त्यावरून "१२ वरचं मूल उपचाराला स्वतः संमती देतं" असं बरेच जण काढतात. मानसोपचारापुरतं ते चालत नाही, कारण २०१७ चा कायदा विशेष कायदा आहे आणि त्यात अल्पवयीन म्हणजे १८ पूर्ण न झालेला. कलम ८७(७) स्पष्ट आहे: उपचार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या माहितीपूर्ण संमतीनं. प्रौढाप्रमाणं 'स्वतंत्र रुग्ण' म्हणून स्वतःच्या सहीनं ॲडमिट व्हायची सोय १७ वर्षांच्या मुलालाही नाही.

पण पालक हवं ते करू शकतो असंही नाही. कलम १७ वाचा. प्रतिनिधीचं पहिलंच कर्तव्य आहे रुग्णाच्या आधीच्या आणि सध्याच्या इच्छा, पार्श्वभूमी आणि हित पाहणं. दुसरं, निर्णय कळण्याइतपत समज असेल त्या प्रमाणात रुग्णाच्या मताला विशेष वजन देणं. म्हणजे १६ वर्षांच्या मुलीला आजार, औषध, पर्याय समजतायत आणि ती "आधी समुपदेशन करून बघू" म्हणते, तर पालकानं ते उडवून लावणं कर्तव्यात बसत नाही. माझ्या मते कायद्यानं १६ नंतर मुलाच्या नकाराला याहून जास्त ताकद द्यायला हवी होती. आज ती नाही, म्हणून कलम १७ वर बोट ठेवूनच बोलावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ (मुलाला स्वतःच्या बाबतीत मत मांडायचा हक्क) भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केलंय. अर्जात त्याचाही उल्लेख करा.

विडी_घरकुल

आई-वडील ऊसतोडीला बाहेर, पोर आजीपाशी. पोराला एकदम झटका आला, अंगावर धावून जातोय. आजीची सही चालते का? आणि वडील परागंदा असतील, आई एकटीच असेल तर?

कोर्टगल्ली

आजीची सही भरतीसाठी चालत नाही, पण म्हणून दारातून परत पाठवताही येत नाही. तीन टप्पे लक्षात ठेवा.

जीव जाण्याचा, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर कलम ९४ लागतं. कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, नसेल तर थांबून राहायचं नाही. मुदत जास्तीत जास्त ७२ तास, किंवा मानसोपचार संस्थेत तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. या कलमाखाली विजेचा शॉक (ईसीटी) देता येत नाही. तेवढ्या वेळात आई-वडिलांपैकी एकाला बोलावून घ्या.

सही पालकाची झाली की सोबत राहणारी व्यक्ती पालक नेमू शकतो. तिथं आजी चालते. साध्या कागदावर "माझ्या गैरहजेरीत मुलासोबत अमुक राहतील" असं लिहून सही करून द्यावं.

पालक सापडतच नसेल किंवा यायला तयार नसेल तर कलम १५(२) नुसार डॉक्टर किंवा मुलाचं हित पाहणारा कुणीही मंडळाकडं अर्ज करतो. मंडळ आजीला प्रतिनिधी नेमू शकतं. कुणीच तयार नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. मूल टाकून दिल्यासारखं असेल तर बाल न्याय कायदा २०१५ नुसार बालकल्याण समितीकडं न्यायचं, तेही २४ तासांच्या आत. १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) फोन केला तरी यंत्रणा हलते.

एकट्या आईबद्दल: १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई असं लिहिलंय. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 'नंतर' म्हणजे 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा अर्थ लावला. वडील मुलाकडं बघतच नसतील तर तेही त्यात येतं. आईची सही चालते. मुस्लिम कुटुंबात ताबा आईकडं असला तरी पालकत्व वडील, त्यांनी नेमलेला व्यवस्थापक, मग आजोबा असं जातं. तिथं वडील नसतील तर आईनं १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून आदेश घेऊन ठेवावा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ताबा किंवा पालकत्वाबद्दल काही लिहिलं असेल तर आधी तो कागद दाखवायचा.

सिस्टर_दक्षिण

वॉर्डाच्या बाजूनं लिहिते. कागद बरोबर असूनही चुकतं ते इथं.

मुलाला मोठ्या रुग्णांसोबत ठेवायचं नाही. वेगळी जागा, वयाला साजेशी, आणि इतर आजारांसाठी ॲडमिट मुलांना मिळते तितक्या दर्जाची तरी. मोठ्यांच्या वॉर्डातला पडदा ओढलेला खाट म्हणजे वेगळी जागा नव्हे. मानसोपचारात मुलांची खोली नसेल तर बालरोग विभागात खाट घेऊन मानसोपचारवाल्यांनी तिथं राउंड घ्यावा. हे जमतं, फक्त ठरवून करावं लागतं.

प्रतिनिधी किंवा त्यानं नेमलेली व्यक्ती पूर्ण मुक्कामभर सोबत हवी. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबत बाई हवीच. अडचण रात्री होते. दिवसा तिघे बसतात आणि दहा वाजता सगळे घरी जातात. भरतीच्या दिवशीच पाळ्या लिहून घ्या, फोन नंबरसह.

बांधून ठेवण्याबद्दल: साखळी कुठल्याही कारणानं नाही, कलम ९५. शारीरिक जखडण फक्त तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि अगदी गरजेपुरतीच. पद्धत, कारण आणि वेळ नोंदवायची, प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. कोंडून ठेवणं बंदच. मूल दंगा करतं म्हणून, कर्मचारी कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधणं कायद्यात बसत नाही. पालकांनी "बांधा, आमची हरकत नाही" म्हटलं तरी बसत नाही.

पार्क_चौक

शॉकबद्दल कुणीतरी नीट सांगा. लोक फार घाबरतात.

होटगी_रोड

अल्पवयीनांना ईसीटी द्यायला कायद्यानं मनाई आहे. अपवाद एकच: मानसोपचारतज्ज्ञाला गरज वाटली तर पालकाची माहितीपूर्ण संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही. नंतरची नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता तर कुणालाच देता येत नाही. खाणंपिणं बंद पडलेल्या कॅटाटोनियात (मूल हलत-बोलत नाही, गोठल्यासारखं होतं ती अवस्था) लोराझेपाम या औषधानं फरक पडला नाही तर ईसीटी जीव वाचवणारा उपचार ठरू शकतो. म्हणून मुलाला लोराझेपाम सुरू करतानाच मंडळाच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवावा, नाहीतर परवानगीच्या वाटेत मोलाचे दिवस जातात.

अक्कलकोटवेस

घरोघरी चालणारी गोष्ट लिहितो, कारण ती संमतीचाच प्रश्न आहे: चहातून, वरणातून गुपचूप औषध. पोरगं गोळी घेत नाही म्हणून आई चहात टाकते. हेतू चांगला असतो, पण तीन ठिकाणी फसतं.

रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात आणि कोलात टिकत नाही. ते पाणी, दूध किंवा संत्र्याच्या रसातून चालतं. व्हॅल्प्रोएटच्या आवरणाच्या किंवा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या की औषध एकदम सुटतं, पोटात त्रास होतो. कुठल्या गोळीचं चूर्ण चालतं हे फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कुटू नये. तिसरं लिथियम. मुलाला आपण ते घेतोय हेच माहीत नसेल तर एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या ४० च्या वरच्या उन्हात खेळताना पाणी प्यायचं, उलटी-जुलाब झाले तर लगेच सांगायचं, हे त्याला कोण सांगणार? पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात साठतं. हात थरथरणं, झोकांड्या, उलट्या ही विषबाधेची लक्षणं.

आणि एक दिवस पोराला कळतंच. मग ते घरचं जेवणही संशयानं खातं. मूल गोळी का नाकारतंय ते आधी शोधा. गुंगी, वजन, शाळेत चिडवणं, गोळीचा आकार. यातल्या बहुतेकांवर उपाय आहे: वेळ बदलणं, डोस कमी करणं, पातळ औषध, दुसरं औषध.

होटगी_रोड

+१. औषधाची संमती घेताना पालक आणि मूल दोघांना या गोष्टी तोंडी सांगून लिहून द्याव्यात: औषधाचं नाव, कशासाठी, किती दिवसांत फरक, नेहमीचे आणि धोक्याचे दुष्परिणाम, कुठल्या तपासण्या कधी, न घेतलं तर काय, दुसरा पर्याय काय. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांवर पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढतात का हे बघायचं असतं, हे मुलालाही सांगा. मिथाइलफेनिडेटवर वजन, उंची, नाडी, बीपी दर भेटीला. क्लोझापिनवर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. दर आठवड्याला सुई टोचणार हे आधी न सांगता संमती घेतली तर ती माहितीपूर्ण नाही.

ऑनलाइन सल्ल्यासाठी: टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना २०२० नुसार अल्पवयीन मुलासोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिची ओळख पटवायची. टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर बोलता येतं, मराठीतही.

सातरस्ता

मुलानं समुपदेशकाला सांगितलेलं सगळं पालकांना सांगायचं का? शाळेत यावरून फार गोंधळ होतो.

बाळीवेस

गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे आणि तो मुलालाही आहे. प्रतिनिधीला आजार आणि उपचार समजण्यापुरती माहिती मिळते. मैत्रिणीबद्दल काय बोलला, वडिलांवर राग का, हे त्यात येत नाही. पहिल्याच भेटीत मुलासमोर आणि पालकांसमोर एकच नियम सांगावा: जिवाला धोका, कुणाकडून होणारा छळ, आणि तिसऱ्याला इजा, एवढ्या तीन गोष्टी मी लपवणार नाही. बाकी तुझ्या परवानगीनं.

लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पॉक्सो २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं, न कळवणं हा गुन्हा. इथं "तुझ्या परवानगीनं" चालत नाही, म्हणूनच ते आधी सांगून ठेवायचं. आणि संशय घरातल्याच माणसावर असेल तर तोच माणूस प्रतिनिधी म्हणून सह्या करत राहू शकत नाही. त्याच दिवशी १५(२) चा अर्ज आणि बालकल्याण समिती.

विडी_घरकुल

उलट बाजू. मूल ॲडमिट आहे, सुधारतंय, आणि चुलता येऊन म्हणतो देवाला न्यायचंय, डिस्चार्ज द्या.

कोर्टगल्ली

चुलत्याला तो अधिकार नाही, पालकालाच आहे. पालकानं डिस्चार्ज मागितला तर ८७(८) नुसार सोडावंच लागतं. मला ही कायद्यातली कच्ची जागा वाटते, कारण प्रौढाला लागू असलेली थोडीफार अडवणूकही इथं नाही. करता येण्याजोगं इतकंच: सोडल्यावर काय धोका आहे ते पालकाला समजेल अशा भाषेत लिहून द्या, आत्महत्येचा धोका असेल तर लगेच मंडळाकडं 'पालक मुलाच्या हिताचं वागत नाही' असा अर्ज आणि बालकल्याण समितीला पत्र, दोन्ही एकाच वेळी. अर्जाला फी नाही. दाखल रुग्णाचा अर्ज अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरही घेता येतो. मुलाच्या भरतीला आव्हान देणारा अर्ज मंडळानं सात दिवसांत निकाली काढायचा असतो. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० लावा. आपल्या भागाचं काम कुठलं मंडळ बघतं हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा प्राधिकरणातच विचारा.

देवाला नेण्याला कायद्याची ना नाही. पण भूत काढायच्या नावाखाली दोरी-साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. घरच्यांना हे शांतपणे सांगा: दर्शन घ्या, औषध सोबत न्या, वेळ चुकवू नका. बहुतेक घरं एवढ्यावर ऐकतात.

पार्क_चौक

व्यसनमुक्ती केंद्रात १६-१७ ची पोरं ठेवतात. त्यांना हे लागू?

कोर्टगल्ली

लागू. दारू-अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकार कायद्याच्या व्याख्येत आहेत, त्यामुळं दोन तपासण्या, वेगळी जागा, सोबतीचा माणूस, ७२ तास, सगळं. "तीन महिन्यांचं पॅकेज, नातेवाइकांना भेट नाही" हे मुलाच्या बाबतीत थेट बेकायदा, कारण सोबत माणूस असणं सक्तीचं आहे. आधी नोंदणी प्रमाणपत्र मागा. विनानोंदणी संस्थेला पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. कायद्याच्या इतर तरतुदी मोडल्या तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सिस्टर_दक्षिण

ॲडमिट असताना १८ पूर्ण झाले तर? हे कुणी लक्षातच ठेवत नाही.

बाळीवेस

त्या दिवसापासून तो 'स्वतंत्र रुग्ण', कलम ८८. आई-वडिलांच्या जुन्या सहीवर उपचार पुढं चालवता येत नाहीत. आठवडाभर आधी त्याच्यासोबत बसून तीन कागद तयार करावेत: त्याच्या सहीचं नवीन संमतीपत्र, साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून त्याला हवा तो नामनिर्देशित प्रतिनिधी (आईच असायला पाहिजे असं नाही), आणि त्याची इच्छा असेल तर आगाऊ निर्देश, म्हणजे पुढं आजार बळावला तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत. पालकांनी मूल लहान असताना केलेला आगाऊ निर्देश १८ ला संपतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १८ नंतरच्या पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करता येतो. नुसत्या मानसिक आजाराला ती सोय लागू नाही. तिथं प्रतिनिधी नेमण्याचा कागदच कामाला येतो, म्हणून तो मुलगा बरा असतानाच लिहून घ्यावा आणि एक प्रत केसपेपरला जोडून ठेवावी.